कॅरेक्टरिस्टिक दोनमध्ये काय होतं?

आमच्या गणित विभागात दर गुरुवारी साडेतीनला सेमिनार असतो. पीएचडीच्या मुलांना हजेरी सक्तीची. वहीत सही ठोकायची आणि मागची जागा पकडायची. ती सहसा मिळत नाही, कारण तिथे प्राध्यापक मंडळी आधीच येऊन बसलेली असतात.

पहिली पाच मिनिटं झकास जातात. ‘समजा, एक्स ही एक टोपॉलॉजिकल स्पेस आहे.’ समजलं! आपण मान डोलावतो, शेजारचाही डोलावतो. मग एक्सवर एक शीफ येऊन बसतो, त्याची कोहोमॉलॉजी निघते आणि पाहुणे वक्ते म्हणतात, ‘पुढचं उघडच आहे.’ मान तरी डोलतच ठेवावी लागते. मध्येच थांबवली तर आपलं बोट नेमकं कुठे सुटलं ते अख्ख्या वर्गाला कळेल.

१९०३ साली न्यूयॉर्कला गणितज्ञांच्या सभेत फ्रँक नेल्सन कोल नावाचे गृहस्थ फळ्यापाशी गेले. दोनचा ६७वा घात वजा एक ही संख्या त्यांनी हाताने काढली. मग शेजारी १९३७०७७२१ गुणिले ७६१८३८२५७२८७ हा गुणाकार मांडला. उत्तरं जुळली, म्हणजे त्या अवाढव्य संख्येचे अवयव सापडले. एक अक्षर न बोलता ते जागेवर जाऊन बसले आणि टाळ्यांचा कडकडाट झाला, असं सांगतात. आमच्याकडचे पाहुणे तासभर बोलतात. टाळ्या आम्हीही वाजवतो, पण त्या संपल्याच्या.

तरी नशीब, आमच्याकडे सोव्हिएत गणितज्ञ गेल्फांड नाहीत. मॉस्कोत त्यांचा सेमिनार सोमवारी संध्याकाळी चाले. ते वक्त्याला मध्येच तोडत आणि ‘हा काय म्हणाला, तू सांग’ म्हणून श्रोत्यांतल्याच कुणाला तरी उभं करत. आमच्याकडे असं झालं तर आधी विभागप्रमुखांनाच फोन येईल आणि ते तो घ्यायला बाहेर जातील.

खरी परीक्षा शेवटी असते. ‘एनी क्वेश्चन्स?’ अशा वेळची शांतता पाहुण्यांचा अपमान ठरते, म्हणून प्रत्येक विभागात काही हुकमी प्रश्न राखून ठेवलेले असतात. ‘कॉम्पॅक्ट नसेल तर?’ हा एक. त्याहून भारी, ‘कॅरेक्टरिस्टिक दोनमध्ये काय होतं?’ त्या दुनियेत एक अधिक एक शून्य होतं, त्यामुळे दोनने भागायची सोय नसते आणि भल्याभल्या सिद्धता तिथे आडव्या होतात. त्यामुळे बीजगणिताच्या कुठल्याही व्याख्यानाला हा प्रश्न चालतो. व्याख्यान ऐकलेलं असण्याची अट नाही.

गेल्या गुरुवारी प्रश्न विचारायची पाळी माझ्यावर आली. दाराबाहेर मामा समोशांचं ताट घेऊन उभे होते, वास आत येत होता. गाइडनी डोळ्यांनी खुणावलं. मी उठलो आणि हुकमी प्रश्न टाकला. नेहमीचं उत्तर ठरलेलं असतं: ‘छान प्रश्न आहे, नंतर बोलू.’

पाहुण्यांचा चेहरा मात्र उजळला. ‘याच प्रश्नाची वाट पाहत होतो,’ म्हणत त्यांनी स्वतःच डस्टर उचललं, पुसायला नको होतं ते सगळं पुसलं आणि नवा खडू घेतला. मागच्या रांगेतले प्राध्यापक एकेक करून जागे झाले आणि माझ्याकडे बघू लागले. समोसे गार होईपर्यंत ते बघतच होते.

खूश फक्त गाइड होते. बाहेर पडताना खांद्यावर हात टाकून म्हणाले, ‘अरे, तुला या विषयात इतका रस आहे हे माहीतच नव्हतं! पुढच्या गुरुवारी यावर तूच बोल.’