पूर येण्याआधी राबणाऱ्यांचा सत्कार कशाला, म्हणणाऱ्यांना उत्तर

यंदा गणपतीच्या मांडवात सत्कार कुणाचा करायचा, यावरून बडोद्याच्या मराठी ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय. त्याचं म्हणणं असं: पाण्यात उतरून माणसं काढणाऱ्यांचा सत्कार करा; पुराआधी घरोघरच्या याद्या करणाऱ्यांनी आणि सराव घेणाऱ्यांनी काय वाचवलं ते दाखवता येत नाही; हे काम महापालिकेचं आहे; आणि खऱ्या सेवकाला हारतुरे लागत नाहीत. यातला एकही मुद्दा मला पटलेला नाही.

‘दाखवता येत नाही’ हे तर साफ चूक. ओडिशात १९९९च्या महाचक्रीवादळात सुमारे दहा हजार माणसं गेली. २०१३ साली फायलिन आलं, तेही भयंकर होतं. मृतांचा आकडा पन्नाशीच्या आसपास राहिला. मधल्या १४ वर्षांत किनाऱ्यावर निवारे उभे राहिले, गावोगाव स्वयंसेवक तयार झाले, आधी कुणाला हलवायचं ते ठरलं. पुढे २०२० मध्ये तिथल्या वेंकटरायपूर आणि नोलियासाही या दोन गावांना युनेस्कोने ‘त्सुनामीसाठी सज्ज’ म्हणून मान्यता दिली. लाट येण्याची वाट न बघता धोक्याचे नकाशे, बाहेर पडायचे रस्ते, सराव हे सगळं तपासून दिली. तयारी आधीच मोजता येते ती अशी.

आता आपल्याकडे या. ऑगस्ट २०२४ मध्ये बडोद्यात काळा घोड्याजवळ विश्वामित्री नदीची धोक्याची २६ फुटांची पातळी कुठच्या कुठे मागे पडली आणि पाणी ३५ फुटांच्या वर गेलं. अशा रात्री तळमजल्यावर एकटं कोण राहतं, कुणाला ऑक्सिजन लागतो, कुणाचं डायलिसिस चालू आहे, वरच्या बंद फ्लॅटची किल्ली कुणाकडे आहे, हे कुणीतरी आधी लिहून ठेवलेलं असावं लागतं. नसेल तर बोटीवरची पोरं अंधारात दारोदार हाका मारत फिरतात. त्यात आपल्या नदीत मगरी. अशा पाण्यात कुणाला शोधत हिंडणं म्हणजे काय, हे बडोदेकरांना सांगायला नको. यादी करणाऱ्या बाई त्या पोरांचाही जीव सांभाळत असतात, म्हणून या दोघांची स्पर्धा लावणं मला मुळातच दुखतं. केंद्र सरकारनेही ती लावलेली नाही. सुभाषचंद्र बोस आपदा प्रबंधन पुरस्कार २०१९ मध्ये एनडीआरएफच्या, म्हणजे संकटात माणसं काढणाऱ्या राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या, आठव्या बटालियनला मिळाला. २०२२ मध्ये तोच गांधीनगरच्या गुजरात आपत्ती व्यवस्थापन संस्थेला, म्हणजे प्रशिक्षण देणाऱ्यांना.

पालिकेचं काम? आहेच, आणि जाब विचारलाच पाहिजे. पण पाणी जिन्यापर्यंत येतं तेव्हा हाकेच्या अंतरावर शेजारीच असतो. सरकारलाही ते कळतं, म्हणून तर ‘आपदा मित्र’ योजनेत साध्या नागरिकांना प्रशिक्षण देतात.

राहिले हारतुरे. मे महिन्यात दार वाजवून ‘काकू, औषधांची पिशवी वेगळी भरून ठेवा, गाडी कुठे नेऊन लावायची ते ठरवा’ म्हणणाऱ्याला बहुतेक घरांत हसूनच वाटेला लावतात. चारचौघांत त्याचा मान झाला की पुढच्या मे महिन्यात तेच दार उघडतं, माणसं ऐकून घेतात. मान हवाय तो यासाठी. स्वतःहून तो कुणी मागणार नाही, म्हणून आपण नावं सुचवायची.

एक धास्ती मात्र खरी आहे: फोटोपुरते पुढे येणारे पुष्कळ निघतील. त्यावर उपाय सोपा आहे. नाव घेण्याआधी विचारा, यादी यंदा जूनमध्ये ताजी केली का? रात्री उठवायचं कुणी कुणाला, हे ठरलंय का? एकदा तरी सराव झाला का? यात जे उतरतील त्यांना मांडवात बोलवा, बोटीवरच्या पोरांना त्यांच्याच शेजारी बसवा. शाल देऊन झाली की आरतीआधी दहा मिनिटं माईक यादीवाल्यांच्या हातात द्या; आपल्या इमारतीत कोण काय करणार, ते त्यांनी सगळ्यांसमोर वाचून दाखवावं.