‘सल्लागार म्हणजे पैशाची नासाडी’: या फिरत्या मेसेजमधलं खरं किती, खोटं किती

नगरपरिषदेने सफाई कामगारांच्या जुन्या वसाहतीच्या पुनर्विकासाचा ठराव घेतला, की विदर्भातल्या लहान शहरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो. त्यात पाच मुद्दे असतात. इंजिनिअर पगारावर असताना सल्लागार कशाला? त्याच्या फीमध्ये चार-पाच घरं झाली असती. त्याचे नकाशे एकाच साच्यातले, कॉपी-पेस्ट असतात. त्याला टक्केवारी मिळते, म्हणून तो खर्च फुगवतो. आणि आवास योजनेतून प्रत्येकाला अडीच लाख मिळतातच, मग डीपीआरचं, म्हणजे प्रकल्पाच्या सविस्तर अहवालाचं, सोंग कशाला?

या मेसेजमागचा राग खरा आहे. पाचपैकी टक्केवारीचा मुद्दा पूर्ण बरोबर, कॉपी-पेस्टचा अर्धा बरोबर. बाकी तिन्ही चुकीचे आहेत, आणि त्यांच्यावर विसंबून सल्लागार टाळला तर नुकसान वसाहतीतल्या माणसांचंच होतं.

‘इंजिनिअर आहे ना!’

क वर्ग नगरपरिषद म्हणजे 40 हजारांपर्यंतची वस्ती. तिथे बांधकामाचे बहुधा एक किंवा दोनच इंजिनिअर असतात. रस्ते, नाल्या, पाण्याची लाइन, बांधकाम परवानगी, निविदा, एमबी (कामाच्या मोजमापाची वही) भरणं, सगळं त्यांच्याच अंगावर. शिवाय घरकुलांचं जिओ टॅगिंग, म्हणजे जागेच्या नोंदीसह फोटो चढवणं. स्वतःच्या जागेवरच्या घरकुलात पाया, लिंटेल (दार-खिडकीवरची पट्टी), छत आणि पूर्ण घर अशा टप्प्यांचे फोटो चढल्याशिवाय पुढचा हप्ता निघत नाही. 300 घरकुलं चालू असतील तर नुसत्या या चार टप्प्यांसाठी 1200 भेटी होतात. त्याच माणसाला माती परीक्षण, आरसीसी डिझाइन आणि घरोघरच्या सर्वेक्षणालाही जुंपलं, तर तिन्ही कामं अर्धवट होतील.

नगरपरिषदेच्या इंजिनिअरचं खरं काम सल्लागाराची तपासणी करणं हे आहे. नकाशा त्यानेच काढायचा आणि त्यानेच तपासायचा, यात चूक पकडणारं कोणी उरत नाही.

‘फीमध्ये चार-पाच घरं झाली असती’

हिशोब करून पाहा. समजा 40 घरं, प्रत्येकी 8 लाख. म्हणजे 3 कोटी 20 लाख. डीपीआर आणि डिझाइनची फी 2 टक्के धरली तर 6 लाख 40 हजार. एकही पूर्ण घर होत नाही. देखरेखीसह 4 टक्के धरले तरी 12 लाख 80 हजार, दीड घराच्या आसपास. उलट पाया चुकला, तर दुरुस्ती एकदोन घरांवर थांबत नाही. सगळ्या ओळीची होते.

‘नकाशे कॉपी-पेस्ट असतात’

हे अनेकदा खरं असतं. पण त्याचा इलाज सल्लागार नको म्हणणं हा नाही. कॉपी करता येणार नाही असं काम त्याच्याकडून लिहून घ्यायचं. त्यात पहिली माती.

वर्धा, यवतमाळ, अमरावती, अकोला या पट्ट्यात बेसॉल्टवरची काळी माती आहे. पूर्वेला भंडारा-गोंदियाकडे खडक वेगळा, जमीनही वेगळी. काळी भारी कन्हार माती उन्हाळ्यात हात आत जाईल इतकी भेगाळते आणि पावसाळ्यात फुगते. घराच्या कडेची माती आधी ओली होते, मधली कोरडीच राहते. कडा वर उचलली जाते आणि खिडकीच्या कोपऱ्यातून भिंत तिरपी, विटांच्या सांध्यातून पायऱ्यापायऱ्यांनी तडकते. अशा जमिनीवर तीन फुटांचा नेहमीचा दगडी पाया अंदाजपत्रकात दिसला, तर तो दुसऱ्या गावच्या फाइलमधून आलाय असं समजायला हरकत नाही.

प्राथमिक चाचणी अगदी स्वस्त आहे. 425 मायक्रॉनच्या चाळणीतून गेलेली कोरडी माती 10-10 ग्रॅम घ्यायची. 100 मिलीच्या एका सिलिंडरमध्ये डिस्टिल्ड पाण्यात, दुसऱ्यात रॉकेलमध्ये टाकायची आणि 24 तास ठेवायची. रॉकेलमध्ये माती फुगत नाही. पाण्यातल्या मातीचं आकारमान तिच्यापेक्षा जितके टक्के जास्त, तितकी मुक्त फुगवण. 50 टक्क्यांच्या वर गेली की साधा पाया विसरायचा. प्लॉटच्या एकाच कोपऱ्यातली माती चालणार नाही. वसाहतीत तीन-चार ठिकाणी आणि वेगवेगळ्या खोलीवरची हवी.

खोल काळ्या मातीत अंडर-रीम्ड पाइल, म्हणजे जमिनीत खोल उतरवलेला काँक्रीटचा खांब, हा खात्रीचा उपाय आहे. खांबाच्या तळाकडे त्याच्या व्यासाच्या अडीच पट रुंद फुगवटा असतो आणि तो हंगामी फुगवण पोचत नाही अशा थरात, साधारण साडेतीन मीटर खाली बसवतात. पाइलवरची बीम जमिनीला टेकवायची नसते. खाली 7-8 सेंटिमीटर पोकळी सोडायची. इथेच घात होतो. जागा मोकळी दिसते म्हणून मिस्त्री तिथे गिट्टी नाहीतर मलबा कोंबतो. पहिल्या पावसाळ्यात माती फुगते, त्या भरावातून बीमला ढकलते, आणि पाइलचा खर्च केलेलं घरही तडकतं. नकाशावर ही पोकळी दाखवलेली हवी, आणि ती झाकण्याआधीचा फोटो एमबीसोबत लागलेला हवा. घराभोवती किमान मीटरभर रुंद, बाहेर उताराचा पक्का पट्टा आणि न्हाणीचं पाणी पायापासून दूर नेणारा पाइप, हेही अंदाजपत्रकात शोधा. बचतीच्या नावाखाली हीच कलमं आधी कापली जातात.

घराच्या आतही साचा ओळखू येतो. इथे मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो. कूलर बसेल अशी खिडकी, त्याखाली कट्टा, शेजारी नळ आणि प्लग हे नकाशात नसेल, तर तो नकाशा विदर्भासाठी काढलेलाच नाही. राहायला गेल्यावर लोक ग्रिल कापतात, स्टँड ठोकतात, आणि कूलरचं पाणी थेट भिंतीच्या बुडाशी, म्हणजे पुन्हा त्या काळ्या मातीत मुरतं.

‘टक्केवारी मिळते म्हणून खर्च फुगवतो’

बरोबर. खर्चाच्या टक्क्यावर फी असेल, तर अंदाजपत्रक वाढण्यात सल्लागाराचा फायदा असतो. म्हणून निविदेतच ठोक रक्कम मागवावी आणि ती कामाच्या टप्प्यांना बांधावी. आमच्या मते अशी वाटणी नीट बसते: मोजणी आणि मालकीचे कागद पूर्ण झाल्यावर 15 टक्के; रहिवाशांची अंतिम यादी लागल्यावर 20; माती अहवाल आणि डिझाइनला 20; तांत्रिक मान्यतेनंतर 15; बांधकामात पाया, लिंटेल, छत अशा भेटींवर 20; आणि शेवटचे 10 टक्के घरं ताब्यात दिल्यावर एक पूर्ण पावसाळा गेल्यानंतर. नुसता जाडजूड अहवाल आणून दिला म्हणून 80 टक्के देण्याची पद्धत बंद व्हायला हवी.

यादीला 20 टक्के मुद्दाम ठेवले आहेत. एका खोलीत सेवेतला कामगार, निवृत्त बाप, लग्न झालेला कंत्राटी मुलगा अशा तीन चुली असतात. काही खोल्या पोटभाड्याने गेलेल्या असतात. वाटप रजिस्टरमध्ये मात्र कधीच्या काळचं एकच नाव. कच्ची यादी वसाहतीतच भिंतीवर लावायची, हरकतींना किमान 15 दिवस द्यायचे, प्रत्येक हरकतीवर लेखी निर्णय द्यायचा आणि मगच अंतिम यादी. हे गाळून सोडत काढली, की घरं तयार असूनही वादामुळे कुलूपबंद राहतात.

तात्पुरतं राहणंही याच टप्प्यात ठरायला हवं. कामगाराची हजेरी पहाटेची असते. चार किलोमीटरवरच्या टिनाच्या शेडमध्ये त्याला पाठवलं तर तो जात नाही, आणि गेला तर घरातली मुलं शाळा सोडतात. जागा असेल तर अर्धी वसाहत आधी, अर्धी नंतर पाडावी. नसेल तर घरभाडं आगाऊ खात्यावर जमा व्हावं. ते जमा झाल्याशिवाय पाडकामाचा आदेश निघू नये.

आणखी एक अट: ज्याने डीपीआर केला, त्याला त्रयस्थ तपासणीचं काम देऊ नये.

‘अडीच लाख मिळतातच’

नाही मिळत. पंतप्रधान आवास (शहरी) 25 जून 2015 ला सुरू झाली, दुसरा टप्पा 1 सप्टेंबर 2024 ला. केंद्राचे दीड आणि राज्याचा एक असे अडीच लाख मिळवून स्वतः घर बांधायचं, तर जागा स्वतःच्या हक्काची लागते. वसाहतीची जागा नगरपरिषदेची, नाहीतर नझूलची, म्हणजे सरकारी. भागीदारीतली (सरकारी किंवा खासगी संस्थेसोबत बांधलेली) घरं हा योजनेचा दुसरा घटक आहे, पण 2015 च्या सूचनांत त्याला किमान 250 घरांचा प्रकल्प लागत होता. 40 खोल्यांची वसाहत त्यात बसत नव्हती. तिसरी अडचण उत्पन्नाची. आर्थिकदृष्ट्या दुर्बल गटाची मर्यादा कुटुंबाला वर्षाला 3 लाख, म्हणजे महिन्याला 25 हजार. कायम कामगाराचा पगार बहुधा याच्या वर जातो, कंत्राटी कामगाराचा खाली राहतो. शेजारशेजारच्या दोन खोल्यांना दोन वेगळ्या योजना लागू शकतात. 25 वर्षं सेवा झालेल्या सफाई कामगारांसाठी राज्याची श्रमसाफल्य आवास योजना आहे, तिचे नियम आणखी वेगळे. कोणतं कुटुंब कशात बसतं, याचा घरागणिक तक्ता करणं हेच डीपीआरचं मुख्य काम आहे.

त्याआधी जमीन. भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून क-प्रत (मोजणीचा नकाशा) घ्यायची आणि आखीव पत्रिकेवर (शहरी जागेच्या मालकीचा उतारा) धारक कोण आहे ते वाचायचं. पूर्व विदर्भात तर नोंद ‘झुडपी जंगल’ (खुरट्या झुडपांची जमीन) अशी आहे का, हे सगळ्यात आधी बघावं. 22 मे 2025 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने झुडपी जंगल वनजमीनच धरली आहे. 12 डिसेंबर 1996 पूर्वी वाटप झालेल्या जागांसाठी राज्याने केंद्राकडे प्रस्ताव पाठवायचा मार्ग ठेवला आहे. तशी नोंद निघाली आणि केंद्राची मंजुरी हातात नसेल, तर निविदा काढूच नये. घरं पाडून झाल्यावर काम अडलं, तर लोक उघड्यावर येतात.

तुमच्या शहरात सल्लागार नेमला गेला असेल, तर मेसेज पुढे पाठवण्याआधी माहिती अधिकारात 10 रुपये भरून तीन कागद मागा: सल्लागाराच्या करारातलं फीच्या टप्प्यांचं पान, माती परीक्षणाचा अहवाल आणि रहिवाशांच्या यादीवरच्या हरकतींचं रजिस्टर. उत्तराला 30 दिवसांची मुदत आहे.