चार मिनिटांत पेशी ‘मरते’, पण दिसत नाही

एका लेखात म्हटलंय की ऑक्सिजन तुटल्यावर चार मिनिटांत मेंदूच्या पेशी मरतात आणि ते सूक्ष्मदर्शकाखाली लगेच कळतं. दुसरा भाग चुकीचा आहे. एटीपी (पेशीचं इंधन) संपल्यावर पेशीतल्या क्षारांचा तोल राखणारा सोडियम-पोटॅशियम पंप बंद पडतो, ग्लुटामेट हे संदेशवाहक रसायन बाहेर सांडतं, कॅल्शियम आत घुसतं. हे मिनिटांचं काम. तेव्हा मायटोकॉन्ड्रिया (पेशीतली ऊर्जाघरं) सुजलेले दिसतात तेही फक्त इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपमध्ये. साध्या एच अँड ई स्लाइडवर (नेहमीच्या निळ्या-गुलाबी रंगांनी रंगवलेल्या) ‘लाल न्यूरॉन’, म्हणजे ऑक्सिजनअभावी मेलेली चेतापेशी, दिसायला साधारण 12 ते 24 तास लागतात, आणि तेवढा वेळ रुग्ण जिवंत असावा लागतो: पेशी आक्रसलेली, पेशीतला द्रव गडद गुलाबी, त्यातले निळसर दिसणारे निस्ल कण गायब, केंद्रक काळपट नि गोळा झालेलं. हे बदल आधी शोधायचे हिप्पोकॅम्पसच्या (मेंदूतला स्मृतीचा भाग) सीए1 पट्ट्यात आणि सेरिबेलमच्या (लहान मेंदू) पर्किंजे या मोठ्या चेतापेशींत. सीए1 मधला मृत्यू तर कधीकधी दोन-चार दिवसांनी उमटतो.

फसगत होते ती ‘डार्क न्यूरॉन’मुळे. फॉर्मॅलिन या जतन करणाऱ्या द्रावणात पक्का होण्याआधी मेंदू दाबला-हाताळला की पेशी आक्रसून गडद होतात, पण रंग निळसर-जांभळा आणि डेंड्राइट (पेशीच्या फांद्या) नागमोडी. त्याला इजा समजू नये. म्हणून अख्खा मेंदू 10 टक्के फॉर्मॅलिनमध्ये दोनेक आठवडे टांगून ठेवतात, मगच कापतात.