‘मागचा सील बदल आणि मोकळा हो’: एका प्रतिक्रियेला उत्तर

काका, नमस्कार.

माझ्या एमजीबीच्या (जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार) ऑइलगळतीवरच्या लेखाखाली तुम्ही चांगलं खरमरीत लिहिलंत. ज्यांनी ते वाचलं नसेल त्यांच्यासाठी सारांश देतो. तुम्ही आयुष्यभर अ‍ॅम्बेसेडरची इंजिनं उघडली आणि बसवली. बेल हाउसिंगखाली (इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधलं, क्लच झाकणारं कवच) थेंब दिसला की तो मागच्या सीलचाच, म्हणजे क्रँकशाफ्टच्या मागच्या टोकाला ऑइल अडवणाऱ्या कडीचाच, असं तुमचं म्हणणं. ‘अ‍ॅम्बेसेडरला मागे सीलच नसतो म्हणून आम्ही नाइलाजाने सोसलं, तुझ्या गाडीला आहे, तर इंजिन उतरव आणि बदल की! पावडर, चिंध्या, निळ्या उजेडाची बॅटरी आणि रबरी हातमोजा घेऊन काय खेळत बसलास?’ शिवाय वासावरून गळती ओळखता येते, फटीत सिलिकॉन भरायला हवा होता, कव्हर घट्ट आवळायला हवं होतं. आणि वर पुन्हा ‘ही इंग्रजी इंजिनं गळणारच, गळायची थांबली की समजायचं ऑइल संपलं.’

शेवटचं वाक्य झकास आहे. पण ते खरं मानलं तर सील तरी कशाला बदला?

सीलबद्दल तुम्ही म्हणता ते बरोबर आहे. अ‍ॅम्बेसेडरचं १४८९ सीसीचं इंजिन आणि एमजीबीचं १७९८ सीसीचं, दोन्ही बीएमसी या ब्रिटिश कंपनीच्या एकाच बी-सीरिज घराण्यातली. अ‍ॅम्बेसेडरच्या क्रँकला मागच्या टोकाला उलटे आटे असतात, ते फिरता फिरता ऑइल आत ढकलतात. १९६२ साली आलेल्या पहिल्या एमजीबींमध्येही तीच सोय होती. १९६४च्या ऑक्टोबरात, क्रँक पाच बेअरिंगांवर फिरणारं इंजिन आलं आणि त्याबरोबर रबरी सील आला. माझी गाडी १९६७ची, म्हणजे सील आहे.

पण सील आहे म्हणून तोच गळतोय, हे कुठे ठरलं? ऑइल वरून खाली उतरतं, पंख्याच्या आणि रस्त्याच्या वाऱ्याने मागे सरकतं आणि इंजिनाच्या मागच्या खालच्या टोकाला येऊन लोंबतं. ते टोक म्हणजे बेल हाउसिंग. रॉकर कव्हरपासून प्रेशर गेजच्या नळीपर्यंत काहीही गळलं तरी जमिनीवरचा डाग साधारण त्याच जागी पडतो. डागावरून इंजिन उतरवायचं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

बेल हाउसिंगच्या तळाला एक भोक असतं आणि त्यात एक स्प्लिट पिन सैल अडकवलेली असते, हे तुम्हाला मी सांगायला नको. गाडीच्या थरथरीने पिन हलत राहते आणि भोक बुजत नाही. सीलमधून किंवा गिअरबॉक्सच्या पुढच्या तोंडातून ऑइल आलं, तर ते आतल्या बाजूने या भोकातच येणार. मी इंजिन डिझेल आणि ब्रशने धुऊन कोरडं केलं आणि त्या पिनेला पांढऱ्या सुती कापडाची चिंधी बांधली. मग कात्रजच्या जुन्या घाटातून खेड शिवापूरपर्यंत जाऊन आलो. परत येऊन खाली शिरलो तर चिंधीची वरची, भोकाकडची बाजू कोरडी पांढरी आणि बाहेरची एकच कड तपकिरी. बेल हाउसिंगचा डावा खांदा मात्र ओला चिंब. आतून गळत असतं तर चिंधी वरून भिजली असती.

वासाचं म्हणाल, तर अ‍ॅम्बेसेडरच्या डिफरन्शिअलला तो चालेल. एमजीबीच्या गिअरबॉक्समध्ये इंजिनाचंच ऑइल पडतं, त्यामुळे नाक कितीही तयार असलं तरी इथे उपयोगी नाही. म्हणून तर निळ्या उजेडात चमकणारा रंग फक्त इंजिनात घातला आणि बुधवार पेठेतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या गल्लीतून ती निळी बॅटरी आणली. सोसायटीच्या पार्किंगमधला दिवा बंद करून बघितलं. एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या मागे, बाजूच्या मागल्या टॅपेट कव्हरच्या खालच्या कडेपासून पिवळ्या-हिरव्या रंगाची एक बारीक रेघ ब्लॉकवरून उतरत थेट बेल हाउसिंगच्या खांद्यापर्यंत आलेली. (आपल्याकडे गॅरेजात रॉकर कव्हरलाच टॅपेट कव्हर म्हणतात. मी वरच्याबद्दल नाही, ब्लॉकच्या डाव्या अंगाला पत्र्याची दोन झाकणं असतात, त्यांच्याबद्दल बोलतोय.) स्वारगेटच्या सिग्नलला गाडी थांबली की जळक्या ऑइलचा वास यायचा, तो याच रेघेचे शिंतोडे गरम मॅनिफोल्डवर पडून. हे नुसतं घाण दिसण्यापुरतं नाही, तिथे आग लागू शकते.

आता हातमोज्याकडे येतो, कारण सगळ्यात जास्त टिंगल तुम्ही त्याची केलीत आणि सगळ्यात जास्त माहिती त्यानेच दिली.

पिस्टनच्या रिंगांमधून थोडा वायू खाली निसटतोच, इंजिन कितीही चांगलं असो. त्याला बाहेर जायला वाट हवी. तुमच्या जुन्या अ‍ॅम्बेसेडरला पुढच्या टॅपेट कव्हरवरून एक नळी खाली रस्त्याकडे मोकळी सोडलेली असायची. गाडी पळाली की वाराच वायू ओढून घ्यायचा. त्यात बिघडण्यासारखं फारसं काही नव्हतं. माझ्या गाडीत ती नळी रस्त्याकडे जात नाही, एका व्हॉल्व्हमधून इनटेक मॅनिफोल्डला जाते. इंजिन स्वतःच तो वायू ओढून जाळतं आणि ताजी हवा ऑइल भरायच्या झाकणातल्या फिल्टरमधून आत येते. हे सगळं नीट असेल, तर गरम इंजिन आयडलला असताना ते झाकण काढल्यावर आरपीएम साधारण २००ने वाढतात. माझ्या गाडीत काही म्हणजे काही फरक पडला नाही. मग झाकणाच्या तोंडावर रबरी हातमोजा ताणून बसवला आणि अ‍ॅक्सिलरेटर थोडा दाबून धरला. मोजा आत ओढला जायला हवा होता. तो पाची बोटं ताठ करून उभा राहिला.

पुढच्या टॅपेट कव्हरवर एक डबा असतो, त्यात ऑइल गाळायला तारेची जाळी. ती काळ्या गाळाने अशी लिंपली होती, की तोंड लावून फुंकून बघितलं तरी हवा जाईना. म्हणजे वायूची वाट बंद, आणि घाटात जोर लागला की आत दाब चढणार. तो दाब सगळ्यात कमजोर फट शोधणार. या खेपेला ती मागच्या कव्हरचं वाळून आक्रसलेलं कॉर्क निघालं. तुमचं ऐकून मी इंजिन उतरवून नवा सील टाकला असता, तर नव्या सीलच्या ओठावर तोच दाब बसला असता आणि मॅनिफोल्डमागची रेघ होती तिथेच राहिली असती.

जाळी साफ केल्यावर मोजा आत ओढला गेला. चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशनही तपासलं, ते १५० पीएसआयच्या आसपास आणि एकमेकांना धरून आहे. वाट मोकळी करूनही मोजा फुगला असता, तर रिंगा संपल्या असं समजून तुमच्याकडेच आलो असतो.

आवळण्याबद्दल मात्र अजिबात पटत नाही. या प्रत्येक कव्हरला मधोमध एकच बोल्ट. पाना लावून जोर केला की पत्रा मध्ये आत जातो आणि कडा बाहेर उचलल्या जातात. म्हणजे जितकं आवळाल तितकं गळेल. माझं कव्हर आधीच्या कुणीतरी असंच वाकवलं होतं. ते सपाट प्लेटवर ठेवून ठोकून सरळ केलं, नाना पेठेतून कॉर्कची शीट आणून गॅस्केट कापलं, बोल्टखालचा वॉशर नवा टाकला आणि छोट्या पान्याने नुसतं बसेल इतकंच फिरवलं. यासाठी दोन्ही एसयू कार्ब्युरेटर आणि मॅनिफोल्ड काढावे लागले. इंजिन जागचं हललं नाही.

सिलिकॉन कॉर्कवर थापला की आवळताना कॉर्क त्याच्यावरून घसरून बाहेर येतं. बाहेर जेवढा ओघळलेला दिसतो तेवढाच आतही ओघळतो, आणि त्याचे तुकडे सुटून ऑइल पंपाच्या जाळीवर जाऊन बसतात. चेंबरच्या (इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीच्या) गॅस्केटला, मेन बेअरिंगच्या कॅपशी जिथे कॉर्कच्या पट्ट्यांची टोकं भेटतात, त्या कोपऱ्यांत एकेक ठिपका हवाच, तिथे तुम्ही शंभर टक्के बरोबर आहात. गळती थांबवणारं बाटलीतलं औषध सुचवणाऱ्या दुसऱ्या वाचकालाही इथेच सांगतो: ते रबर मऊ करतं, फुगवतं. कॉर्कला त्याचा उपयोग नाही.

सध्या गाडीखाली एक लहान डाग पडतो, गिअरबॉक्सच्या शेपटाकडचा. त्यात रंग चमकत नाही, म्हणजे तो इंजिनाचा नाही. तो तसाच ठेवलाय. क्लच घसरायला लागला की इंजिन उतरणारच आहे, तेव्हा मागचा सील, गिअरबॉक्सचे सील आणि क्लच एकाच खेपेत करून घेईन. त्या दिवशी तुम्ही यावं, मी खरंच बोलावतोय.

आणि एक विचारायचं आहे. त्या डब्यातली जाळी सोडवून बाहेर काढता येत नाही. मी डबा कॉस्टिकच्या गरम पाण्यात रात्रभर बुडवून मग पेट्रोलने धुतला, तरी एका कोपऱ्यात गाळ राहिलाय असा मला संशय आहे. अ‍ॅम्बेसेडरचा तसा डबा तुम्ही कशाने साफ करायचात?