‘गाता येतं त्याला शिकवता येतंच’? मला तर नव्हतं आलं

गेल्या पंधरवड्यात एकच मजकूर मला तीनदा आला: भजनी मंडळाच्या ग्रुपवर, क्लासच्या पालकांच्या ग्रुपवर आणि सख्ख्या मेहुण्याकडून. म्हणणं थोडक्यात असं. ज्याला गाता-वाजवता येतं त्याला शिकवता येतंच. ‘शिकवायला शिकणं’ हे हल्लीचं फॅड, जुन्या गुरूंनी असलं काही केलं नव्हतं. नवशिक्यांना पहिले सहा महिने फक्त अलंकार, म्हणजे सरावासाठीच्या ठरावीक स्वररचना द्याव्यात. सुरुवात भूप रागानेच करावी, तोच शास्त्रशुद्ध क्रम. सराव ॲप करून घेतं. आणि सूर उपजत असतो, ज्याला नाही त्याची फी परत करावी. खाली ‘संगीतप्रेमींनी पुढे पाठवा’. मी जुळे सोलापुरात बारा वर्षं मुलांना गाणं आणि पेटी शिकवतो. पुढे काही पाठवलं नाही, उत्तर लिहायला बसलो.

पहिलाच मुद्दा घ्या. संगीत विशारदची परीक्षा पास झालो आणि लगेच क्लास काढला. पहिल्याच आठवड्यात तिसरीतल्या एका मुलीने विचारलं, “सर, ‘म’ला कुठलं बोट?” मला सांगता येईना! हात इतकी वर्षं आपसूक चालत होता, तो कसा चालतो हे मी कधी पाहिलंच नव्हतं. शेवटी तिच्यासमोरच पेटीवर हळूहळू वाजवून स्वतःच्या बोटांकडे बघितलं. पेटीच्या पांढरी एक या पट्टीवर सा धरला की सा-रे-ग ला अंगठा, तर्जनी, मधलं बोट. मग अंगठा हळूच खालून सरकतो आणि ‘म’वर बसतो. सोलापूरच्या पूर्व भागात मागावर कापड विणत आयुष्य काढलेल्या माणसाला विचारा, तुटलेला धागा कसा जोडता. तो क्षणात जोडून दाखवेल, सांगताना मात्र अडखळेल. त्याला येत नाही असं नाही, ते हातात इतकं मुरलंय की त्याचं त्यालाच दिसत नाही. आणि नवशिक्याला तर नेमकं तेच दाखवावं लागतं.

आता जुने गुरू. कुरुंदवाडचे गायक विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय सुरू केलं आणि तिथे ‘उपदेशक वर्ग’ चालवला, तो संगीताचे शिक्षक तयार करण्यासाठीच. म्हणजे हे फॅड शंभर वर्षांहून जुनं आहे. बरं, गुरूच्या घरी राहणारा शिष्य दिवसभर कानावर पडेल ते टिपायचा, गुरूला शिकवण्याची हातोटी नसली तरी निभावून जायचं. आमच्याकडे मूल येतं आठवड्यातून दोनदा, तासभर, तेही ट्यूशन आणि कराटेच्या मधल्या फटीत.

अलंकारांचं म्हणणं मला अर्धं पटतं. अलंकाराशिवाय बोटं आणि गळा दोन्ही वळत नाहीत. पण सहा महिने नुसतं ‘सारेग, रेगम’ म्हणायला लावाल तर चौथ्या महिन्यात सतरंजी रिकामी. हे मी करून बघितलंय, त्या वर्षीची निम्मी मुलं गेली. आता दुसऱ्या आठवड्यापासून तीन-चार स्वरांत बसणारा विठ्ठलाचा गजर घेतो. मी एक ओळ म्हणतो, मुलं तीच उचलतात. पंढरपूर आपल्याच जिल्ह्यात. तिथल्या भजनात पेटीला हात न लावलेली माणसंही तासन्‌तास सुरात असतात, कारण बुवांच्या मागे टाळकरी ओळ घेतात आणि चुकणाऱ्याला बाकीचे सांभाळून नेतात. नवशिक्यांच्या वर्गाची याहून चांगली रीत मला तरी सापडलेली नाही. त्या गजरातलीच अवघड जागा काढून तिचा अलंकार करतो, मग ‘हे कशाला?’ असं कुणी विचारत नाही.

भूपच का, याला कारण आहे: म आणि नी नाहीत, पाचच स्वर, अर्धस्वराची अडचण नाही. सोय चांगली आहे, पण ती सोयच. इथून बरंच दक्षिणेला गेलं की कर्नाटक संगीतात मुलं मायामाळवगौळ रागापासून सुरुवात करतात, म्हणजे आपल्या भैरवाचे स्वर, कोमल रे आणि कोमल ध सकट. ही पद्धत कन्नड संतकवी पुरंदरदासांनी घालून दिली असं मानतात. तेही विठ्ठलाचेच भक्त. तिकडची मुलं काही बेसूर निघत नाहीत. मीही भूपानेच सुरुवात करतो, पण दुसरा क्रम अशास्त्रीय म्हणायचं धाडस माझ्यात नाही.

ॲपबद्दल दोनच वाक्यं. तानपुरा आणि लेहरा (तालासोबत फिरत राहणारी धून) ते उत्तम देतं, मीही वापरतो. मुलाने खांदे वर ओढून श्वास घेतला, किंवा डाव्या हाताने पेटीचा भाता एका दमात रिकामा केला, हे त्याला दिसत नाही.

राहिला उपजत सूर. पाचवीतला एक मुलगा आला तेव्हा त्याला शाळेत ‘तू नुसते ओठ हलव’ असं सांगितलेलं होतं. मी माझ्या काळी एक पट्टीत, म्हणजे माझ्या गळ्याच्या उंचीला सा लावला, तर तो घोगरं काहीतरी गुरगुरला. महिनाभर हेच चाललं. मीही मनात त्याला बेसूर ठरवून मोकळा झालो होतो. मग एके दिवशी त्याच्या शेजारच्या मुलीने सा लावला आणि हा पठ्ठ्या अगदी तिच्या स्वरावर! तो इतके दिवस माझ्या मोठ्या माणसाच्या आवाजाच्या तळाशी उतरायला बघत होता, आणि तिथे त्याच्या गळ्याला जागाच नव्हती. त्याचा सा एक सप्तक वर होता. चूक माझी होती. तेव्हापासून मुलांना सा मी माझ्या गळ्यातून देत नाही, त्यांच्याच वयाच्या कुणाकडून देववतो, किंवा पेटीवर वरच्या सप्तकात वाजवून थांबतो. थांबणं महत्त्वाचं, नाहीतर मूल पेटीच्या आवाजात लपतं आणि आपल्याला वाटतं, लागला सूर. खरंच स्वर ओळखू न येणारी माणसं असतात, पण थोडी. ‘बेसूर’ म्हणून माझ्याकडे आलेली बहुतेक मुलं चुकीच्या पट्टीत अडकलेली होती.

तो मुलगा आता नववीत आहे. आवाज फुटलाय, त्यामुळे तार सा लागत नाही म्हणून वैतागलेला असतो. पट्टी खाली घेतली आहे आणि तार सप्तक तूर्त बंद ठेवलंय.