पडदे बंद, फॉगर दिवसभर चालू? हा मेसेज पुढे पाठवू नका

उन्हाळा लागला की ब्रॉयलरवाल्यांच्या, म्हणजे मांसासाठी कोंबड्या पाळणाऱ्यांच्या, ग्रुपवर एक मेसेज फिरतो. 'ऊन वाढलं की शेडचे पडदे बंद करा म्हणजे गरम हवा आत येत नाही, फॉगर (पाण्याचे बारीक तुषार उडवणारे नोझल) दिवसभर चालू ठेवा, पक्षी खात नसेल तर दुपारी खाद्य हलवत राहा, पाण्यात इलेक्ट्रोलाइट आणि व्हिटॅमिन सी टाका, ऊन उतरलं की सगळं बंद करा, मरतूक शून्य.' यातल्या निम्म्या गोष्टींनी पक्षी मरतात, आणि नवीन शेड टाकलेला माणूस विश्वासाने तसंच करतो याचा मला मनापासून राग येतो.

पडद्याचं बघा. कोंबडीला घामाच्या ग्रंथीच नसतात. तिच्या अंगाचं तापमान ४१-४२ डिग्री, बाहेरचा पारा त्याच्या जवळ गेला की अंगातली उष्णता हवेत जायची जवळजवळ थांबते आणि मग एकच रस्ता उरतो, धापा टाकून पाण्याची वाफ बाहेर सोडायची. शेडमधली बरीचशी उष्णता पक्ष्यांच्याच अंगातून येते, पडदे बंद केले की ती उष्णता, श्वासातली वाफ आणि लिटरचा (जमिनीवर अंथरलेल्या भुशाचा) अमोनिया सगळं आतच कोंडतं. बंद शेड चालते ती टनेलवाल्यांची, कारण तिथे एका टोकाला एक्झॉस्ट फॅन, दुसऱ्या टोकाला पाण्याने ओलं ठेवलेलं पॅड, आणि पक्ष्यांवरून सेकंदाला अडीच-तीन मीटर वारा जातो. तिथली गोष्ट उचलून उघड्या शेडला लावली की घात होतो. ऊन थेट आत पडत असेल तर त्या बाजूला शेडनेट बांधा, पण वारा अडवू नका.

फॉगरचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. फॉगरने हवा गार होते हे खरं, पण हवा कोरडी असेल आणि हलत असेल तरच. ह्युमिडिटी ७५-८० टक्क्यांच्या वर गेली की हवेत आणखी वाफ मावायला जागाच राहत नाही, पक्षी धापा टाकतोय, टाकतोय, पण उष्णता काही बाहेर जात नाही. म्हणून दमट ३४ डिग्री कधीकधी कोरड्या ३८ पेक्षा वाईट पडतात. शेडमध्ये नुसतं थर्मामीटर टांगून भागत नाही, शेजारी ह्युमिडिटी मीटरही पाहिजे आणि तो पक्ष्याच्या उंचीवर. फॉगर थोडा वेळ चालवा, बंद करा, हवा कोरडी होऊ द्या, पुन्हा चालवा, आणि फॅन मात्र सतत. लिटर मुठीत दाबलं आणि त्याचा गोळा तसाच राहिला तर पाणी जास्त झालंय. पहिल्या आठवड्यातल्या पिल्लांवर तर फॉगर नकोच, त्यांना ३२-३३ डिग्री लागतात.

दुपारी खाद्य हलवणं म्हणजे आगीत तेल. खाद्य पचताना अंगात उष्णता तयार होते आणि ती खाल्ल्यावर काही तास टिकते, म्हणजे उन्हाचा कडाका आणि पचनाची उष्णता एकाच वेळी येतात आणि सगळ्यात जास्त वजनाचा, विक्रीला आलेला पक्षी आधी पडतो. कडाक्याच्या चार ते सहा तास आधी फीडर वर उचला, धापा थांबल्या की खाली सोडा. पहाटे आणि रात्री लाइट देऊन खाऊ घाला, बुडालेलं बरंचसं खाणं तेव्हा भरून निघतं.

इलेक्ट्रोलाइटचा सल्ला बरोबर आहे पण अर्धवट. धापांमधून कार्बन डायऑक्साइड जास्त निघून जातो, रक्ताचा पीएच वाढतो, पोटॅशियम कमी होतं, त्यासाठी इलेक्ट्रोलाइट. ते कडाक्याच्या आधी सुरू करायचं, पक्षी आडवे पडल्यावर नाही. व्हिटॅमिन सी क्लोरीनच्या पाण्यात टाकलं तर वाया जातं. आणि पाणीच गरम असेल तर औषधाचा काय उपयोग? निपल लाइनच्या (पक्षी चोचीने दाबून पाणी पितात त्या पाइपच्या) शेवटच्या टोकाचं पाणी हातावर घेऊन बघा, कोमट लागलं तर लाइन फ्लश करा, दुपारी दोन-तीनदा करा, टाकी सावलीत आणा, पाइपवर गोणपाट गुंडाळा.

ऊन उतरलं की सगळं बंद करा हे तर अजिबात ऐकू नका. पक्ष्याच्या अंगात साठलेली उष्णता सूर्यासोबत मावळत नाही, संध्याकाळी वारा पडला की मरतूक तेव्हाही होते. चोची मिटून पक्षी शांत बसेपर्यंत फॅन चालू ठेवा, मग रात्रीचे दहा वाजले तरी चालतील, कारण रात्री थंड न झालेला पक्षी दुसऱ्या दिवशीच्या उन्हात आधीच तापलेला उतरतो.