गोदावरी, गोमती आणि गंगा: १९५३ च्या आधी

आयएनएस गोदावरी म्हटले की आपल्याला माझगाव डॉकमध्ये बांधलेली आणि १९८३ मध्ये नौदलात दाखल झालेली फ्रिगेट आठवते, आणि तिच्या पाठोपाठ आलेल्या गंगा व गोमतीही आठवतात. देशी बांधणीचा अभिमान असणे योग्यच आहे. मात्र हीच तीन नावे त्याआधी तीन लहान विनाशिकांनी मिरवली होती. १९५३ मध्ये ब्रिटनकडून उसन्या घेतलेल्या या विनाशिकांची आपल्याकडे ‘जुनी ब्रिटिश जहाजे’ एवढ्यावर बोळवण केली जाते, आणि ते मला अन्यायाचे वाटते.

या तिन्ही ‘हंट’ वर्गाच्या संरक्षक विनाशिका होत्या. मोठ्या विनाशिका महाग आणि बांधायला वेळखाऊ असल्याने व्यापारी ताफ्यांच्या रक्षणासाठी हजारेक टनांची ही आटोपशीर जहाजे आखली गेली. पहिल्याच जहाजाच्या वेळी स्थैर्याच्या गणितातील चूक उघडकीस आली आणि पहिल्या तुकडीतील बहुतेक जहाजांना सहाऐवजी चार तोफांवर समाधान मानावे लागले. पुढच्या तुकडीत रुंदी वाढवून सहा तोफा बसवण्यात आल्या. आपली तिन्ही जहाजे याच दुसऱ्या तुकडीतली. इंधनसाठा थोडा असल्यामुळे अटलांटिक ओलांडणे त्यांच्या आवाक्यात नव्हते. म्हणूनच दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडचा पूर्व किनारा, इंग्लिश खाडी आणि भूमध्य समुद्र हीच त्यांची मुख्य रणांगणे ठरली.

गोमती तेव्हा ‘लॅमर्टन’ होती. ऑक्टोबर १९४१ मध्ये जिब्राल्टरहून निघालेल्या ताफ्याच्या वाटेवर आलेली ‘गालिलेओ फेरारिस’ ही इटालियन पाणबुडी एका कॅटलिना विमानाने आधी जखमी केली आणि मग लॅमर्टनने तिचा शेवट केला. डिसेंबर १९४२ मध्ये यू-४४३ या जर्मन पाणबुडीने अल्जेरियातील ओरानजवळ ‘ब्लीन’ ही हंट विनाशिका बुडवली. अवघ्या अडीच महिन्यांत, फेब्रुवारी १९४३ मध्ये, अल्जिअर्सजवळच्या समुद्रात तीच पाणबुडी बिसेस्टर, लॅमर्टन, व्हीटलँड आणि विल्टन या चौघींनी मिळून बुडवली. या चारही हंटच होत्या. (असा हिशेब चुकता झाल्याचे वाचताना मला समाधान वाटते, हे लपवण्यात अर्थ नाही.) गंगा, म्हणजे तेव्हाची ‘चिडिंगफोल्ड’, डिसेंबर १९४१ मध्ये नॉर्वेतील वागसोय बेटावरील छाप्यात सहभागी होती.

सर्वांत गुंतागुंतीची कहाणी गोदावरीची आहे. ‘बीडेल’ या नावाने बांधलेले हे जहाज १९४२ मध्ये पोलिश नौदलाच्या हाती गेले आणि त्याचे नाव ‘श्लॉन्झाक’ झाले. मायदेश शत्रूच्या टाचेखाली असलेल्या खलाशांनी ते युद्ध संपेपर्यंत चालवले. फ्रान्सच्या किनाऱ्यावरील दिएप या बंदरावरच्या १९ ऑगस्ट १९४२ च्या छाप्यात आठ हंट विनाशिका होत्या, त्यांपैकी ही एक. पहाटेपूर्वी कमांडो सैनिकांना नेणाऱ्या बोटींची एका लहान जर्मन ताफ्याशी अनपेक्षित गाठ पडली. काही मैलांवर ‘ब्रॉकल्सबी’सह गस्त घालणाऱ्या श्लॉन्झाकच्या कप्तानाचा मात्र गोळीबार किनाऱ्यावरून होत असल्याचा समज झाला आणि तो मदतीला वळला नाही. बोटींची पांगापांग झाली आणि ठरलेल्यांपैकी फारच थोडे कमांडो किनाऱ्याला लागले. या निर्णयावर नंतर टीका झाली. अंधारात, विरोधाभासी खुणांच्या आधारे निर्णय घ्यावा लागलेल्या माणसाला तिऱ्हाइताने सहज दोषी ठरवू नये, असे मला वाटते. परंतु ती चूक होती, हेही नाकारता येत नाही. पुढे १९४३ मध्ये सिसिलीच्या मोहिमेत आणि ६ जून १९४४ रोजी फ्रान्समधील नॉर्मंडीत ‘स्वोर्ड’ हे सांकेतिक नाव दिलेल्या किनाऱ्यासमोर हेच जहाज उतरणाऱ्या सैन्याला तोफांचे पाठबळ देत होते. १९४६ मध्ये ते ब्रिटनला परत गेले आणि सात वर्षांनी गोदावरी झाले.

‘ते युद्ध आपल्या झेंड्याखाली झाले नाही, मग त्याचा उल्लेख कशाला?’ असा आक्षेप मला कळतो. पराक्रमाचे श्रेय ब्रिटिश आणि पोलिश खलाशांचेच आहे. ते आपल्या नावावर मांडावे, असे माझे म्हणणे नाही. परंतु स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकात आपले नौसैनिक ज्या जहाजांवर तयार झाले, ती कुठे आणि कशासाठी लढली होती, हे आपल्याच इतिहासलेखनातून गाळले जावे, हे पटत नाही. मुंबईत पुढच्या वेळी गोदावरीच्या नावाचा फलक किंवा माहितीपट तयार होईल, तेव्हा त्याची सुरुवात १९४२ पासून व्हावी आणि त्यात नॉर्मंडीसोबत दिएपचाही उल्लेख असावा.